गोल गाडी, एकेरी तिकीट

बर्लिनच्या लोकलच्या एकेरी तिकिटावर गोल फिरायला मनाई आहे. तिकीट दोन तास चालतं. त्यात लोकल बदला, बस धरा, ट्राम धरा. पण माघारी फिरायचं नाही आणि वेढाही मारायचा नाही. आणि याच शहरात एक लोकल पहाटेपासून रात्रीपर्यंत गोल फिरण्याखेरीज दुसरं काहीच करत नाही. ३७ किलोमीटरचा वेढा, २७ स्टेशनं, फेरीला तासभर. म्हणजे तिकिटाची मुदत दोन फेऱ्यांची आणि परवानगी एकीचीही नाही.

भाच्याने आम्हाला २४ तासांची तिकिटं काढून दिली आणि वर दम दिला, "मामा, हे हरवू नका. इथे स्टेशनला फाटक नसतं, पण साध्या कपड्यातला टीसी शेजारीच बसलेला असतो. दारं बंद झाली की ओळखपत्र काढतो. दंड ६० युरो." तेव्हापासून बायको डब्यातल्या प्रत्येक साध्या माणसाकडे संशयाने बघू लागली. बर्लिनमध्ये साधी दिसणारी माणसं कमी आहेत, हे आमचं नशीब.

नॉयकोल्न स्टेशनात गाडीची वाट बघत उभे राहिलो. पाटीवर गावाचं नाव नाही, नुसतं 'रिंग'.

"शेवटचं स्टेशन कुठलं रे?"

"नाहीच आहे, मामी. गोल फिरते ही."

"अरे, पण संपते कुठे?"

"संपत नाही."

"मग मोटरमन घरी कधी जातो?"

भाचा जर्मनीत इंजिनिअर आहे. पण या प्रश्नाचा पेपर त्याने दिलेला नव्हता.

एस-४१ ही गाडी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, एस-४२ उलट. बायकोने मनात नकाशा मांडला आणि निकाल दिला: ४१मध्ये शहर सतत उजव्या हाताला राहतं, म्हणजे ती प्रदक्षिणा, ४२चं काही खरं नाही. तेवढ्यात ४२ आली. निम्मी रिकामी, खिडक्या लख्ख. आम्ही ती सोडली. मग ४१ आली आणि आम्ही दांडीला लोंबकळत पुण्य जोडायला निघालो.

सुरुवातीलाच उजवीकडे टेम्पलहोफचा जुना विमानतळ लागला. २००८ साली तो बंद झाला आणि २०१० साली लोकांना फिरायला खुला झाला. धावपट्टीवर सायकली, पतंग आणि बाबागाड्या. मोक्याच्या एवढ्या जागेच्या कडेला इमारती उभारायचं सरकारने काढलं, तेव्हा २०१४ साली लोकांनी चक्क मतदान करून 'नको' म्हणून सांगितलं. मुंबईतला आमचा एक बिल्डर मित्र बरोबर नव्हता ते बरं. त्याला ते मैदान बघवलं नसतं.

भाच्याने इतिहास सुरू केला. त्याचं म्हणणं, पूर्वी बर्लिनची टर्मिनस एकमेकांना जोडणारी गाडी भर रस्त्यातून जायची आणि रहदारीचा खोळंबा व्हायचा. लढायांच्या काळात सैन्य आणि दारूगोळा एका टर्मिनसवरून दुसऱ्यावर न्यायचा, तर ही अडचण. म्हणून शहराबाहेरून, मोकळ्या शेतांतून, नवा मार्ग आखला. १८७१ साली पहिला तुकडा सुरू झाला आणि १८७७ साली वर्तुळ पुरं झालं. वर्तुळ म्हणायचं आपलं. नकाशावर आकार कुत्र्याच्या डोक्यासारखा दिसतो आणि बर्लिनकर कौतुकाने तेच नाव घेतात. मग शहर वाढत वाढत आलं आणि शेतं गिळून गाडीच्याही पुढे गेलं. १९२८-२९मध्ये रिंग वाफेवरून विजेवर आली. इरावती कर्वे पीएच.डी.साठी बर्लिनला आल्या त्या याच सुमारास. "मग त्या ४१मध्ये बसल्या असतील की ४२मध्ये?" बायकोने विचारलं. मानववंशशास्त्राने हा प्रश्न अजून हाती घेतलेला नाही.

तेवढ्यात गेझुंडब्रुनेन मागे पडलं आणि भाच्याने हात वर केला. "मामा, इथे भिंत होती." खिडकीतून आम्हाला फक्त रूळ आणि झाडी दिसली.

१३ ऑगस्ट १९६१ला भिंतीचं काम सुरू झालं आणि रिंग दोन ठिकाणी तुटली. पण खरी मजा पुढेच. महायुद्धानंतरच्या वाटणीत लोकल चालवायचा हक्क सगळ्या शहरात पूर्व जर्मनीच्या रेल्वेकडे गेला होता. त्यामुळे भिंत उभी राहिल्यावरही पश्चिम बर्लिनमध्ये गाडी कम्युनिस्टांची, रूळ कम्युनिस्टांचे आणि प्रवासी मात्र रुसलेले. तिकिटाचे पैसे काटेरी तारांना जातात म्हणून लोकांनी लोकलवर बहिष्कार टाकला. लोकलशेजारून बस धावू लागल्या, भरून. लोकलही धावत राहिल्या, रिकाम्या. भांडण झालेल्या दोन भावांनी एकाच घरात दोन चुली मांडाव्यात, तसं हे एकोणीस वर्षं चाललं.

शेवटी सप्टेंबर १९८०मध्ये पश्चिमेकडच्या रेल्वे कामगारांनी संप केला. कम्युनिस्टांच्या राज्यात कामगारांनी संप करायचा नसतो. मालकीण रेल्वे चिडली आणि संपानंतर तिने पश्चिमेकडची रिंग सरळ बंदच करून टाकली. मग रुळांतून झाडं उगवली. दोन सरकारं, चार दोस्त राष्ट्रं आणि अमाप फाइली यांच्या नाकावर टिच्चून झाडांनी फलाट ताब्यात घेतले.

भिंत १९८९ साली पडली. ती उभारायला सुरुवात झाली होती एका रात्रीत. तिने तोडलेले रूळ जोडायला मात्र १३ वर्षं लागली. १९९३च्या डिसेंबरात दक्षिणेचा तुकडा उघडला. १९९७ साली नॉयकोल्न आणि ट्रेप्टोव्हर पार्कमधला तुटलेला सांधा जुळला, २००१ साली आपण आत्ता ओलांडला तो, आणि जून २००२मध्ये शेवटची फट बुजली. गाडी न बदलता अख्खा वेढा घालायची सोय तर २००६ साली झाली. हे ऐकून मला जर्मनांबद्दल एकदम आपलेपणा वाटू लागला.

पूर्वेकडच्या एका स्टेशनात पोरांचं टोळकं बिअरच्या बाटल्या घेऊन उतरलं. हा इथला खेळ आहे: दर स्टेशनाला उतरायचं, एक बिअर संपवायची, पुढची गाडी धरायची. "म्हणजे सत्तावीस?" बायको म्हणाली. "बरं झालं गाडी गोल आहे. उतरायचं राहिलं तरी चुकत नाहीत."

ट्रेप्टोव्हर पार्कच्या अलीकडे गाडीने स्प्रे नदी ओलांडली आणि भाच्याने आवाज खाली आणला. एवढे कष्ट करून जोडलेल्या या रिंगने शहराचे पुन्हा दोन भाग केले आहेत, म्हणे. रिंगच्या आतले आणि रिंगच्या बाहेरचे. भाड्याचा झोन रिंगपाशी बदलतो. २००८पासून फार धूर सोडणाऱ्या मोटारींना रिंगच्या आत मज्जाव आहे. पार्टीत पहिला प्रश्न हाच, आत राहतोस की बाहेर? भिंतीला निदान पहारेकरी लागायचे; इथे घरमालक पुरतात.

"आणि तू?" मी विचारलं.

"फक्त एकच स्टेशन बाहेर," तो म्हणाला. हे तो आजवर बऱ्याच जणांना सांगत आला असावा, कारण 'फक्त' आणि 'एकच' दोन्हीवर सारखाच जोर होता. "मामी, आतलं घर बघतोय. भाडं दुपटीच्या जवळ आहे, पण लोक काय म्हणतात..."

नॉयकोल्न आलं. बायको उठली, पदर सावरला, शेजारच्या संशयिताकडे एकदा शेवटचं रोखून पाहिलं आणि भाच्याला म्हणाली, "खुशाल बाहेर राहा. प्रदक्षिणा बाहेरूनच घालतात. गाभाऱ्यात पोट कुणाचं भरतं? पुजाऱ्याचं."