झाडवाले काका

जालन्याच्या दर कॉलनीत एक झाडवाले काका असतात. गावच बियाण्यांचं. ‘महिको’ १९६४ साली इथेच निघाली, त्यामुळे चार दाणे तळहातावर घेऊन वाण सांगणारा माणूस इथे पैशाला पासरी. काका त्यातलेच, फक्त निवृत्त. कुणी नर्सरीतून रोप आणून फाटकाशी टेकवलं, की त्याला पाणी मिळायच्या आत काका मिळतात.

परवा समोरच्या घरी ‘सुरू’ आला. पिशवीला तशी चिठ्ठीच होती. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, काडीचं टोक चिमटीत धरून ओढलं.

“सुरूची काडी सांध्यातून निसटते. ही निसटली का? आणि सुरू नुसता दिसतो पाइनसारखा, त्या घराण्यातला नव्हेच.” मग मोरपंखीही बाद, तिचा पंखा चपटा. खालून वर चढत गेलेले फांद्यांचे मजले दाखवून निकाल लागला, “अरौकेरिया! लोक ख्रिसमस ट्री म्हणतात. म्हणू द्या.”

“पण नर्सरीवाला म्हणला...”

“राजमुंद्रीजवळच्या कडियमहून ट्रक भरून येतात राव. रोपांना काय जातीचा दाखला असतो?”

आता अरौकेरिया नॉरफोक बेटाचं की न्यू कॅलेडोनियाचं कुक पाइन? कोवळ्या वयात हा फरक जाणकारांनाही सहज सांगता येत नाही. काकांना येतो. त्यांनी कुक सांगितलं. नॉरफोक म्हणून विकलेली पुष्कळ झाडं कुकच निघतात, तेव्हा ते बरोबरही असतील. त्यांचा खरा ताप हाच आहे.

खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. काकांनी खणला नाही, मोजला. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून मुळं कुजवते, उन्हाळ्यात भेगाळून तीच मुळं तोडते. म्हणून मुरूम नि शेणखत मिसळा, रोप जरा उंचवट्यावर बसवा, पिशवी आधी फाडा, गुंडाळलेली मुळं सोडवा. सगळं खरं नि कामाचं. तेवढ्यात नळ येऊन गेला.

“फळ काय येतंय याला?” आजींनी ओट्यावरून विचारलं.

“फळ नाही आजी, शोभेचं आहे.”

“मग मोसंबी लावायची की!”

काकांनी ते ऐकलं नाही. ते २०१७ सालच्या अभ्यासात शिरले होते. पाच खंडांतली कुक पाइन मोजली, तर ती विषुववृत्ताकडे झुकलेली निघाली, सरासरी साडेआठ अंश! “म्हणजे आपल्याकडं कुठं? दक्षिणेला.”

दक्षिणेच्या भिंतीपलीकडे दात घासणारे शेजारी थांबले. “म्हणजे आमच्या गच्चीवर? काका, हे लेखी द्या.”

काका तोवर त्यांच्या फाटकाकडे निघालेही होते. त्या दारात अशोकाची दोन झाडं आहेत, आणि ती मुळात अशोक नाहीत.