पी हळद नि हो निळी

प्रति,
श्री. ऑटो व्हाइट बॅलन्स,
मुक्काम माझा कॅमेरा.

विषय: ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या मांडवातून हळद गायब केल्याबद्दल.

महोदय,

गेल्या माघात आमच्या मित्राच्या लेकीची हळद होती, हे आपल्याला ठाऊक आहेच. आपण हजर होतात, तेही आमंत्रणाशिवाय. मांडवाचं कापड पिवळं, झेंडूच्या माळा पिवळ्या, बायकांच्या साड्या पिवळ्या आणि मधोमध पाटावर नखशिखांत पिवळी नवरी. एवढं पिवळं एका जागी बघून कुणालाही आनंद झाला असता. आपल्याला संशय आला.

नवरीच्या आईनं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिलं आणि विचारलं, “भावजी, हलद गेली कुठं?” मी उत्तर देऊ शकलो नाही. झेंडू फिकुटले होते, हळद पिठासारखी दिसत होती, आणि नवरीच्या कपाळावर, बोटांवर, डोळ्यांच्या पांढऱ्यात एक गार निळसर झाक होती. ‘पी हळद नि हो गोरी’ असं उतावळ्यांना म्हणतात. आपण त्या उतावळ्यांच्याही पुढे गेलात. हळद पोटात न जाता, डोळ्याचं पातं लवायच्या आत, पोरगी निळी!

निळ्या उजेडाचं ट्रॉम्बेला वावडं नाही, हे मान्य. डोंगराच्या पलीकडे, आज भाभा अणुसंशोधन केंद्र आहे तिथं, ४ ऑगस्ट १९५६ रोजी देशातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. तिचं इंधन पाण्याच्या तळ्यात बुडवलेलं असे. पाण्यात प्रकाशाचा जो वेग असतो, त्याहून वेगानं तिथं विद्युतभारित कण धावत आणि पाणी निळं उजळे. पंडित नेहरूंनी तिचं नाव ठेवलं ‘अप्सरा’. आमच्या नवरीलाही त्या रात्री सगळे अप्सराच म्हणत होते. पण त्या अर्थानं नव्हे.

आपला तर्क मला कळतो. जगातले सगळे रंग एकत्र घोटले की सरासरी राखाडी येते, असं आपलं जुनं गृहीतक आहे. सरासरी पिवळी आली, तर दोष दिव्याचा. आपली जात अलीकडे थोडी शहाणी झाली आहे असं ऐकतो; पण हळदीच्या मांडवात खानदानी सवय उफाळून आली. फाइलवर आपण पंचनामा केलात: ‘प्रकाश ३,४०० केल्विन.’ म्हणजे जवळजवळ हॅलोजनचा. मांडवात लागले होते पांढरे एलईडी, ५,५०० च्या आसपासचे. दिवा निर्दोष होता. पिवळी होती ती हळद, आणि हळद पिवळी असणं हा गुन्हा नाही.

केल्विनचा हिशेब लोहारालाही समजतो. लोखंड तापतं तसं आधी तांबडं होतं, मग पिवळं, मग पांढरं. आकडा वाढला की उजेड निळ्याकडे सरकतो. मेणबत्ती १,९०० च्या घरात, दुपारचं ऊन ५,५००, सावली ७,००० किंवा वर. उजेड पिवळा होता असं एकदा आपण ठरवलंत की उतारा म्हणून निळा ओतायचा. आधी निकाल, मग शिक्षा; आरोपीला विचारायची पद्धत नाही.

सुदैवानं मी रॉ फाइल ठेवतो. सेन्सरवरची रंगांची जाळी म्हणजे कोडॅकच्या ब्राइस बायर यांचं १९७६ सालचं पेटंट: दर चौकडीत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कच्चा माल मुळात हिरवट असतो. लालला आणि निळ्याला कितीनं गुणायचं, एवढंच आपण ठरवता. एवढा रुबाब, तो दोन गुणकांवर! जेपेगमध्ये आपला निर्णय मुरतो, आणि तिथं दर रंगाला पायऱ्या जेमतेम २५६. चौदा बिटच्या रॉमध्ये त्या १६,३८४, आणि आपला निर्णय म्हणजे फाइलला टाचलेला नुसता शेरा. काढून टाकता येतो. मी काढला.

मग बसलो आयड्रॉपर घेऊन, रंग नसलेली जागा शोधत. पहिली टिचकी मारली एका आजोबांच्या पांढऱ्या टोपीवर, आणि अख्ख्या वऱ्हाडाला कावीळ झाली. टोपीला नीळ होती! घरोघरचं पांढरं निळीचं असतं, हे वऱ्हाडातल्या प्रत्येक बाईला माहीत. आपल्यासारखाच मीही फसलो. दुसरी टिचकी ॲल्युमिनियमच्या टोपावर. त्यात झेंडूचं प्रतिबिंब होतं. दिव्याखालचा झगझगीत कोपरा तर कामाचाच नव्हता. तिथं तिन्ही रंग काठोकाठ भरून वाहून गेलेले. शेवटी फोटोच्या कडेला घराच्या ओट्याचा कोरडा सिमेंटचा तुकडा सापडला. त्यावर टिचकी मारली: ५,६००. टिंटची पट्टी किंचित मॅजेंटाकडे नेली, कारण स्वस्त एलईडीत हिरवट झाक असते. आणि हळद परत आली. आधी नवरीच्या गालावर, मग काकूंच्या हातांवर, मग पाटावर सांडलेली.

त्यानंतर मी पट्टी आणखी दोनशे केल्विन उजवीकडे नेली. मोठ्या आकड्याकडे गेलं की फोटो पिवळा होतो. ‘उजेड आणखी निळा होता’ असं मी सांगतो, आणि सॉफ्टवेअर पिवळं घालून भरपाई करतं. हे दोनशे कुठल्याही सिमेंटानं सांगितलेले नव्हते. मी तिथं होतो, एवढाच त्यांना आधार. मांडवात धवलारीण लग्नाचे धवले गात होती. ‘धवल’ शब्दाशी तिचं नातं आपल्याहून जुनं. तिनं त्या रात्री कुणालाही पांढरं करायचा प्रयत्न केला नाही.

आपल्याला कामावरून काढत नाही. दुपारच्या उन्हात, धक्क्यावर, बोटी आणि चिखल टिपताना आपण चोख काम करता. तिथं सरासरी खरंच राखाडी असते. मात्र ज्या समारंभाचा रंगच समारंभाचं नाव आहे, तिथं यापुढे आपल्याला प्रवेश नाही. केल्विनचा आकडा मी हातानं लावीन, आणि चुकलो तर शिव्या माझ्या.

जाता जाता कळवतो. फोटो छापून वहिनींना नेऊन दिला. त्यांनी लेकीच्या गालावर अंगठा फिरवला, आणि मग अंगठ्याकडे बघितलं.

आपला,
तूर्तास मॅन्युअल