प्रवेशार्थी मतदारसंघ झालाच पाहिजे!

राजेहो, आपल्या अमरावती विभागाला पदवीधर मतदारसंघ आहे. पाच जिल्ह्यांतल्या डिग्रीवाल्यांनी मिळून विधान परिषदेत एक आमदार धाडायचा. म्हणजे ज्याला शिक्षण मिळालं त्याला विधानसभेचं एक आणि हे एक, अशी दोन मतं. ज्याला कॉलेजचं फाटकही दिसलं नाही त्याला एकच. जेवून उठलेल्याला पुन्हा पंगतीत बसवायचं आणि उपाशी पोट्ट्याच्या हाती वाढायची बादली द्यायची, असा हा कारभार.

जानेवारी 2023 च्या निवडणुकीत इथं धीरज लिंगाडे यांनी रणजीत पाटील यांना पाडलं. मतदाराला काम एवढंच होतं, की दिलेल्या पेनानं नावापुढे पसंतीचा आकडा काढायचा. तरी विजयाच्या फरकापेक्षा बाद मतंच जास्त निघाली. मतदार सगळे पदवीधर, बरं का!

म्हणून आमची मागणी आहे की बारावी होऊन लटकलेल्या पोरापोरींचा प्रवेशार्थी मतदारसंघ काढा. नियम मात्र प्रवेशाच्या कॅप फेऱ्यांचेच ठेवा. मतदानाला येताना डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि जात वैधता आणावी, झेरॉक्सच्या संचांसह. सर्व्हर डाऊन असेल तर सेतू केंद्राच्या पायरीवर बसावं. मतदान फेऱ्याफेऱ्यांनी होईल. मनासारखा उमेदवार लागला नाही तर बेटरमेंट घ्यावं. उरलेली मतं मॅनेजमेंट कोट्यात जातील. तिथं भाव खिडकीवर विचारत नाहीत, आतल्या खोलीत सांगतात.

आपल्याकडे वेग नाही असं मात्र कोणी म्हणू नये. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकला, गिनीज बुकात नाव गेलं. जात पडताळणीचं काम त्याच ठेकेदाराला द्यायला काय हरकत आहे?

याच रस्त्यावर, मूर्तिजापुरात, एक कापूसवाले काका भेटले. पोरीला पुण्यात इंजिनिअरिंग लागलेलं. विधानसभेच्या तोंडावर, जुलै 2024 मध्ये, आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी सरकारनं माफ केली. शिक्षण शुल्क माफ, परीक्षा शुल्क माफ. आम्ही अभिनंदन करायला गेलो.

"माफ झाली ना बाप्पा! पण पोरगी काय फीत राहीन? का फी खाईन?"

खोली, मेस, डिपॉझिट, लॅपटॉप, दिवाळीचं ट्रॅव्हल्सचं भाडं, हे सगळं काकांनी बियाण्याच्या रिकाम्या पिशवीवर मांडून ठेवलं होतं. भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत खेड्यातल्या पोरांसाठी आधी श्रद्धानंद छात्रालय काढलं, शिवाजी शिक्षण संस्था त्यानंतर, 1932 मध्ये. राहायची सोय आधी, कॉलेज मागून. 27 डिसेंबरच्या जयंतीला भाऊसाहेबांच्या पुतळ्याला हार घालायला गर्दी मावत नाही, पण हा क्रम त्या गर्दीतल्या कुणाला सुचत नाही.

"अन् धाकट्याचं काय, काका?"

"त्याले निम्मीच माफ हाये. मी म्हटलं त्याले, बारावीत घाई करू नको बाबू. पुढच्या निवडणुकीलोक थांब."