कोल्हा कसा मारावा : एका दिवट्याची मार्गदर्शिका

आधी लेखकाची पात्रता. मी आजवर एकही कोल्हा मारलेला नाही. वेल्समध्ये डोंगरउतारावर आमचं घर आहे, त्याला लागून एका मेंढपाळ म्हातारेबुवांचं रान. हिवाळा सरत आला की, मेंढ्या व्यायच्या आधी, बुवांना रात्री गाडीच्या मागे उभं राहून दिवा धरायला एक माणूस लागतो. तो मी. लहानपणी आई मला 'दिवटा' म्हणायची. पुढे त्याचा हुद्दा होईल असं तिच्या मनातही नसणार. पण दिवा धरण्यात एक फायदा आहे. नेम आपल्याला धरायचा नसतो, त्यामुळे नेम धरणाऱ्यांच्या सगळ्या खोडी निवांत पाहता येतात. म्हातारेबुवांकडे दरवर्षी कोणी ना कोणी नवशिका येतो. त्या नवशिक्यांसाठी हे लिहितो आहे.

नावाचा घोळ लगेच मिटवू. 'फॉक्स'चा आपण कोल्हा केला, पण आपला कोल्हा म्हणजे इंग्रजांचा जॅकल. फॉक्सचा सख्खा चुलत आपल्याकडे खोकड. इसापाच्या गोष्टी मराठीत आणताना हे झालं, आणि द्राक्षं एकदा कोल्ह्याला आंबट लागल्यावर आता ती खोकडाला कोण चारणार? मीही कोल्हाच म्हणतो. मात्र सोलापूर-नगरच्या वाचकांनी ही मार्गदर्शिका घडी करून ठेवावी. कोल्हा आणि खोकड, दोघांनाही १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. इथे ब्रिटनमध्ये कुत्र्यांची झुंड घेऊन घोड्यांवरून कोल्ह्यामागे धावायला २००४च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये बंदी आली. रायफलीने मारायला नाही.

धडा पहिला : काडतुसाबद्दल वाद घाला

नवशिका आल्या आल्या विचारतो, "कोणतं काडतूस चांगलं?" हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण त्यावर थंडीत चार तास सहज निघतात.

आधी शब्द. काडतूस म्हणजे पितळी कवच, दारू आणि पुढे बसवलेली गोळी, असा अख्खा ऐवज. कोल्ह्यापर्यंत जाते ती फक्त गोळी. काडतुसाचं नाव म्हणजे नळीच्या व्यासाचं इंचातलं अंदाजी माप. 'अंदाजी' म्हणायचं कारण, .२२३ची गोळी .२२४ इंची असते आणि याचा कोणालाही संकोच वाटत नाही.

गोळीचं वजन मोजतात ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे दाणा. इथले लोक हे गूढ शास्त्र असल्यासारखं बोलतात, पण सोनाराच्या दुकानात गुंजा पाहिलेल्या माणसाला त्यात बिचकण्यासारखं काही नाही. इंग्रजांनी आपला तोळा नेमका १८० ग्रेनचा ठरवला होता, म्हणजे मासा १५ ग्रेनचा. आता हिशेब करा. सशांवर चालवतात ती .२२ रिमफायरची गोळी ४० ग्रेन, जवळजवळ पावणेतीन मासे. .१७ एचएमआरची १७ ग्रेन, मासाभर आणि वर एक गुंज. कोल्ह्यासाठी सर्वांत जास्त चालते ती .२२३, गोळी बहुधा ५५ ग्रेनची, साडेतीन माशांच्या किंचित वर. एका अंगठीएवढा धातू. पण नळीतून निघताना त्याचा वेग सेकंदाला ३,२०० फुटांच्या आसपास असतो.

वाद इथे सुरू होतो. .२२वाला म्हणतो, माझी स्वस्त, आवाज नाही. खरं आहे. पण आवाज न करणारी ती गोळी ५० यार्डांवर बरोबर बसवली, तर १०० यार्डांवर जवळजवळ वीतभर खाली पडते. एचएमआरवाला म्हणतो, माझी सरळ जाते. जाते, वारा नसला तर. मासाभराच्या गोळीला वारा पतंगासारखा नेतो, आणि वेल्समध्ये वारा नाही असं मी पाहिलेलं नाही. .२४३वाला फारसा बोलत नाही. त्याच रायफलीने त्याला हरणंही मारता येतात, त्यामुळे तो मनातल्या मनात तृप्त असतो. म्हातारेबुवा वादात पडत नाहीत. त्यांची .२२३ आहे, कारण ती त्यांच्याकडे आहे.

एका गोष्टीवर मात्र वाद नाही : गोळी लागताच पसरणारी हवी. टोकाला प्लास्टिकची अणी किंवा उघडं शिसं असतं, लागल्याबरोबर गोळी फुलते आणि सगळा जोर कोल्ह्याच्या आतच खर्च होतो. लष्करी पद्धतीची, पूर्ण तांब्यात मढवलेली गोळी सुईसारखी आरपार जाते. कोल्हा पळतो, आणि कुंपणाखाली दोन दिवसांनी मरतो. या पसरणाऱ्या गोळीचं एक घराणं आपल्याकडचं आहे. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९०च्या दशकात इंग्रजांनी ती सरहद्दीवरच्या लढायांसाठी काढली. म्हणून तिचं नाव 'दमदम'. १८९९ साली हेगला ठरलं की अशा गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत, आणि १९०७ साली ब्रिटननेही ते मान्य केलं. आता त्याच ब्रिटनचा १९९१चा हरणांचा कायदा सांगतो की हरणावर रायफल चालवायची तर गोळी पसरणारीच हवी. माणसासाठी जे क्रौर्य तेच जनावरासाठी दया. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा ढोंगीपणा वाटला. म्हातारेबुवा एवढंच म्हणाले, "सैनिकामागे डॉक्टर धावत येतो."

धडा दुसरा : कागद

रायफलीचं प्रमाणपत्र पोलीस देतात, पाच वर्षांसाठी. मुलगी बघायला यावेत तसे ते घरी येतात, लोखंडी कपाट भिंतीला पक्कं बसवलंय ना ते हलवून पाहतात, तुमच्या डॉक्टरकडे तुमची चौकशी करतात आणि कोणती रायफल कशासाठी हवी ते विचारतात. पोहे करू नयेत. किती काडतुसं घ्यायची आणि किती घरात ठेवायची, तेही रेशन कार्डासारखं कागदावर लिहिलेलं असतं. दिवा धरायला प्रमाणपत्र लागत नाही.

धडा तिसरा : पुरी

कोल्ह्यावर गोळी चालवण्याआधी कागदावर चालवा. .२२३ असेल तर १०० यार्डांवर गोळी नेमाच्या इंचभर वर पडेल अशी दुर्बीण बसवून घ्या. मग जवळपास २०० यार्डांपर्यंत वर-खाली धरायचा हिशेब करावा लागत नाही. अंधारात थंडीने बोटं आखडलेली असताना हिशेब चुकतोच.

आता कोल्ह्याची छाती. त्याच्या आत हृदय आणि फुप्फुसं मिळून जी जागा होते ती पुरीएवढी असते. पाणीपुरीची नव्हे, श्रीखंडाबरोबरची. म्हणून कागदावर पुरी काढा आणि पाच गोळ्या मारा. टेबलावर वाळूच्या पिशव्या रचून नव्हे, रानात जसे उभे राहाल तसं, तिकाटण्यावर रायफल टेकून. ज्या अंतरावर पाचही गोळ्या पुरीत पडत नाहीत, ते अंतर तुमचं नव्हे. दुर्बिणीतून कोल्ह्याच्या मिशा दिसत असल्या तरी नव्हे. दोनशे यार्डांच्या गप्पा मारत आलेले किती जण कागदाने ऐंशीवर आणून बसवले ते मी पाहिलंय. त्यानंतर काडतुसाचा वाद आपोआप थांबतो.

कोल्हा आडवा उभा असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर या आणि अंगाच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शावर थांबा. तिथे. तोंड तुमच्याकडे करून बसला असेल तर मानेच्या बुडाशी, छातीच्या मधोमध. डोक्यावर नेम धरायचा मोह होतो, सिनेमे पाहिलेल्यांना जास्तच. पण डोकं लहान, शिवाय ते सतत हलतं. इंचभर चुकलं तर जबडा जातो आणि जीव राहतो. पाठमोरा, चालता, पळता, गवतात अर्धा : नाही. आणि हिवाळ्यातल्या कोल्ह्याच्या आकारावर विश्वास ठेवू नका. दिसतो त्यात बरीचशी लोकर असते. लोकरीच्या मध्यावर नेम धरणारा कोल्ह्याच्या कडेवर मारतो.

धडा चौथा : डोळे

दिवा फिरवला की अंधारात डोळे चमकतात. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला आरशासारखा एक पडदा असतो, तो उजेड परत फेकतो. नवशिक्याच्या अंगावर काटा येतो आणि बोट घोड्याकडे जातं. इथे दिवट्याने मोठ्यांदा खाकरावं. कारण तो पडदा मेंढीलाही असतो, हरणाला असतो, शेजाऱ्याच्या कुत्र्याला, मांजराला आणि बिज्जूच्या इथल्या भावाला म्हणजे बॅजरलाही असतो. बॅजरला तर १९९२चा स्वतंत्र कायदा आहे. डोळे दिसले म्हणजे कोल्हा दिसला असं नाही. कान दिसू देत, चाल दिसू दे, शेपूट दिसू दे.

त्याला जवळ बोलवायची एक पद्धत आहे. हाताच्या पाठीला ओठ लावून जोरात हवा ओढायची, सापडलेल्या सशासारखा चिरका आवाज निघतो. रात्री दोन वाजता बर्फाळ रानात एक प्रौढ गृहस्थ स्वतःच्याच हाताचे मुके घेतोय, हे दृश्य घरच्यांना सांगू नये. वारा कोल्ह्याकडून तुमच्याकडे येत असला तरच हे चालतं. उलट असेल तर तुमचं जेवण काय होतं ते त्याला आधीच कळलेलं असतं.

आणि मागे काय आहे? हाच प्रश्न म्हातारेबुवा दर वेळी, दर कोल्ह्याला विचारतात. कोल्ह्यामागे उताराची माती असेल तर गोळी मातीत जाते. तो टेकडीच्या माथ्यावर आकाशावर उमटला असेल, तर चित्र काढावं इतका सुंदर दिसतो, पण त्याच्यामागे कुठलं तरी गाव असतं. साध्या .२२ची गोळीही मैलाच्या पुढे जाते. एका रात्री असा एक कोल्हा माथ्यावर चांगली पाच मिनिटं बसून राहिला, कान खाजवला, जांभई दिली. नवशिका कुजबुजत गयावया करत होता. बुवांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी दिवा खाली केला.

धडा शेवटचा : नंतर

गोळीचा आवाज झाला की ती लागल्याचा एक धप्प आवाज मागाहून येतो. तो ऐकून धावू नका. दुसरं काडतूस भरा, दुर्बिणीतूनच पाहत राहा. थोडं थांबून मागच्या बाजूने जा.

मादी असेल तर पोट पाहा. पिल्लं मार्च-एप्रिलात होतात, कोकरांच्याच दिवसांत. आचळं दुधाची असतील तर तुमचं काम संपलेलं नाही, बीळ शोधून काढावं लागतं. बुवा हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीतच उरकतात ते त्यामुळे. कोल्हा कोकरू उचलतो हे त्यांना माहीत आहे. थंडीने आणि अडलेल्या वेतात मेलेली कोकरंही तोच खातो आणि सगळी त्याच्याच खात्यावर मांडली जातात, हेही त्यांना माहीत आहे. पण ते त्यांचं रान, त्यांच्या मेंढ्या. मी दिवटा.

शेवटी काठीच्या टोकाने डोळ्याला हलकेच स्पर्श करायचा. पापणी हलली तर तो जिवंत आहे. हे काम पहिल्यांदा माझ्यावर आलं तेव्हा मी दिवा जवळ नेला आणि दचकून मागे झालो. डोळा तसाच चमकत होता, रानातून मघाशी चमकला होता तसाच.

"तो आरसा आहे रे," बुवा म्हणाले. "आरशाला काय कळतंय? स्पर्श कर."

केला. पापणी हलली नाही. मग मागच्या पायांना धरून त्याला उचलला, आणि एवढा जोर कशाला लावला असं झालं. पाच-सहा किलो असेल नसेल.