दिसत नाही त्याचे पैसे

मध्यमवर्गीय मराठी घरात खर्च मंजूर होण्याची अट एकच: तो पाहुण्याला दिसला पाहिजे. फॉल्स सीलिंग दिसतं. मॉड्युलर किचनचे अलगद मिटणारे ड्रॉवर दिसतात. नाहीच दिसले तर उघडझाप करून दाखवता येतात. बाथरूममधला नवा शॉवर दाखवताना तर यजमान स्वतः भिजायचा तेवढा बाकी राहतो. पण दारामागे कॅलेंडरखाली झाकलेला डीबी, म्हणजे घरभर वीज वाटणारा डबा, कुणाला दाखवणार? 'या ना, आमचा आरसीसीबी बघून जा' असं म्हणणाऱ्या माणसाकडे लोक पुन्हा फिरकत नाहीत.

ठाणे, डोंबिवली, कोथरूड इथे 1980 च्या दशकात ज्यांनी इमारती बांधल्या, त्यांच्या डोळ्यांसमोर साधं कुटुंब होतं: चार ट्यूब, तीन पंखे, एक फ्रिज आणि रविवारची इस्त्री. एवढ्यासाठी चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज पुरेसे होते. फ्यूज उडाला की घरचा कर्ता पुरुष स्टुलावर चढून तांब्याची एक तार गुंडाळायचा. पुन्हा उडू नये म्हणून हुशार कर्ता पुरुष दोन गुंडाळायचा. फ्यूज उडणं बंद झालं म्हणजे दुरुस्ती झाली, ही आपली विद्युतशास्त्रीय परंपरा तिथून सुरू होते.

आज त्याच घरात, त्याच वायरींवर, सकाळी साडेसातला काय चालू असतं? गीझर 2000 वॉट, इंडक्शन 2000, चिरंजीव उठेपर्यंत बंद न होणारा दीड टनी एसी 1500, मायक्रोवेव्ह 1200 आणि इस्त्री 1000. बेरीज 7700 वॉट, भागिले 230 व्होल्ट, म्हणजे साडेतेहेतीस अँपिअर. आणि वीजबिलावर 'मंजूर भार' या शब्दांपुढे काय छापलेलं असतं? कित्येक जुन्या घरांच्या बिलांवर तिथे अजून एक किलोवॉटही नसतो. तो रकाना कुणी वाचत नाही. लोक थेट शेवटची रक्कम वाचतात आणि मीटर पळतोय, असा निकाल देतात.

मग जुन्या फ्यूजच्या जागी आलेला एमसीबी पडतो. साडेतेहेतीस अँपिअरचा विचार कुणाच्या मनालाही शिवत नाही. एमसीबीच खराब निघाला यावर घराचं एकमत होतं. एरवी या घराचं भाजी कोणती करायची यावरही होत नाही. 'सारखा पडतोय हो, जरा मोठा टाका.' सोळाचा काढून बत्तीसचा बसतो, दोन-तीनशे रुपयांत प्रश्न सुटतो. आता, एमसीबी राखण करतो ती भिंतीतल्या वायरीची. वायर सोळा अँपिअरच्या बेताची असेल आणि तिच्यातून दुप्पट प्रवाह धावला, तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. पण ती भिंतीच्या आत होते. म्हणजे तीही दिसत नाही. दिसेल तेव्हा बघू.

आरसीसीबीची कथा याहून करुण. माणसाला शॉक बसला तरी एमसीबी जागचा हलत नाही. पूर्वीचा साठ वॉटचा पिवळा दिवा साधारण 260 मिलिअँपिअर घ्यायचा. त्याच्या आठव्या-नवव्या हिश्शाएवढा प्रवाह छातीतून गेला तरी जिवावर बेतू शकतं. सोळा अँपिअरच्या एमसीबीच्या हिशेबी तो लोडच नव्हे. सोसायटीत आपली पत काहीही असो, एमसीबीच्या लेखी आपण झीरोच्या बल्बएवढेही नाही. आपली दखल घेतो तो आरसीसीबी. 30 मिलिअँपिअरची गळती होताच तो वीज तोडतो. बाजारात दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतो. बसवला की पहिल्याच पावसाळ्यात पडू लागतो, कारण बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनच्या सॉकेटमध्ये ओल शिरलेली असते. घर ओलीवर चिडत नाही, त्याच्यावर चिडतं. 'हा नव्हता तेव्हा बरं होतं, लाइट तरी जात नव्हते.' मग वायरमनला बोलावून त्याला 'डायरेक्ट' करून घेतात. तो डीबीत शोभेला राहतो, कॅलेंडरच्या मागे.

शेवटी कुणाच्या तरी घरी सॉकेट जळाल्याची बातमी येते आणि परवानाधारक माणसाला बोलावलं जातं. तो झाकण उघडतो आणि या व्यवसायातलं सनातन वाक्य उच्चारतो: 'हे कुणी केलंय?' (कधीकधी त्यानेच केलेलं असतं.) मग लग्नपत्रिकेच्या पाठीवर एस्टिमेट उतरतं. डीबीचा बॉक्स, मेन स्विच, एमसीबी, आरसीसीबी: इथवर मामला काही हजारांत असतो आणि यजमान चहा मागवतात. पुढच्या ओळीला चहा थांबतो. एसी आणि गीझरला 4 चौरस मिलिमीटरची वेगळी वायर, पॉवर पॉइंटना अडीचची, दिव्यांना दीडची, सगळीकडे अर्थिंगची हिरवी वायर, त्यासाठी झिऱ्या, पाइप, प्लास्टर आणि रंग. आकडा लाखाच्या दिशेने निघालेला असतो.

'अहो, डबा बदलायचाय, घर नाही.'

'साहेब, डबा बदलून आतली वायर जुनीच ठेवली तर काय उपयोग?'

'भिंत न फोडता होणार नाही का?'

'होईल की. बाहेरून पट्टी मारतो.'

'छे! पट्टी दिसेल ना!'

घरातली विजेची व्यवस्था पहिल्यांदाच दिसायला लागणार होती, तर दिसते म्हणून नामंजूर झाली. मग कापाकापी सुरू होते. अर्थिंग गळतं, कारण ते काही काम करताना कुणी पाहिलेलं नाही. 'पक्कं बिल हवं का?' या प्रश्नावर 18 टक्के जीएसटी गळतो आणि त्याच्याबरोबर माल बनावट निघाल्यास तक्रार करण्याची सोयही. गळत नाही ती एकच वस्तू: नव्या डिझायनर स्विचेसच्या काचेच्या प्लेट्स. त्या दिसतात.

मंजूर भार वाढवून घेण्याचं सुचवणाऱ्याला तर घरचे शत्रूच समजतात. अर्ज, टेस्ट रिपोर्ट, वाढीव सुरक्षा ठेव, आणि थ्री फेज घ्यावं लागलं तर दरमहा जास्तीचा स्थिर आकार. त्यात जिन्यातून वर येणारी केबल सोसायटीची. तिचा विषय वार्षिक सभेत निघतो तेव्हा तळमजल्याचे सभासद म्हणतात, वरच्यांनी द्यावेत पैसे. वरचे म्हणतात, आमच्याकडे चाळीस वर्षांत काही झालं नाही. विषय पुढच्या सभेवर जातो आणि प्रवेशद्वाराला ग्रॅनाइट लावण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो.

तेव्हा लोकांना सुरक्षेचं महत्त्व पटवण्याचे प्रयत्न थांबवावेत, अशी आमची नम्र सूचना आहे. त्याऐवजी डीबी हॉलमध्ये, टीव्हीशेजारी आणावा. काचेचं दार, सोनेरी कडा आणि आतून मंद प्रकाश. इंटिरियर डेकोरेटरने त्याला एखादं इटालियन नाव द्यावं आणि किंमत चौपट करावी. घासाघीस तत्क्षणी थांबेल. शेजारी बघून जातील आणि त्यांच्यापेक्षा दोन एमसीबी जास्त असलेला मागवतील. अर्थिंगची हिरवी वायरही काचेतून दिसेल अशी फिरवली की तिचेही पैसे कुरकुर न करता मिळतील.

काळजी एवढीच घ्यायची की, आतल्या त्या मंद प्रकाशाच्या दिव्यांना वीज आरसीसीबीच्या अलीकडून घेऊ द्यायची नाही. तो पडला तरी डीबी छान दिसत राहावा, म्हणून तसं मागणारे नक्की निघतील.