सात घोडे आणि एक हरियाल

"काय गं, तुमचे भावजी दुकान बंद करतायत म्हणे?"

मुलुंड पश्चिमेला आमची सोसायटी आणि शेजारची सोसायटी यांच्यामध्ये छातीएवढी भिंत आहे. तिच्यावर जाळी बसवायचा ठराव दर वार्षिक सभेत मंजूर होतो आणि जाळी काही येत नाही. पलीकडच्या काकूंना आमच्या घरातल्या बातम्या माझ्या आधी कशा कळतात, याचा शोध घेणं मी केव्हाच सोडून दिलंय.

"दुकान बंद, काकू. धंदा नाही. ऑनलाइन विकणार आता."

"म्हणजे बंदच की." त्यांनी झारी खाली ठेवली. म्हणजे आता अर्धा तास गेला. "तुझ्या सासऱ्यांनी जिवापाड जपलेलं दुकान गं ते! स्टेशनवरून येताना त्या काचेसमोर थांबल्याशिवाय मी कधी घरी आले नाही. तो पाणी पिणारा वाघ. ते हरणांचं जोडपं. मुलुंडात असं दुसरं दुकान दाखव मला."

"आणि काकू, घेतलंत काय तिथून?"

"घेतलं ना. ह्यांच्या आईच्या फोटोला फ्रेम करून घेतली."

तेच तर. सासऱ्यांनी दुकान काढलं ते प्राणी-पक्ष्यांची चित्रं विकायला. काचेत वाघ, भिंतीवर धनेश, काउंटरवर पक्ष्यांची कॅलेंडरं. पण भाडं, दिव्याचं बिल आणि पोऱ्याचा पगार कायम निघाला तो गेलेल्या माणसांच्या फोटोंना केलेल्या फ्रेमांतून, आणि सात घोड्यांतून.

"कुठले सात घोडे?"

"वास्तूचे हो. धावणारे. तुमच्याच बिल्डिंगमध्ये चार घरांत असतील."

काकूंनी मान वळवून आपल्या बिल्डिंगकडे पाहिलं. मनातल्या मनात मोजत असाव्यात.

या घोड्यांचं शास्त्र मला भावजींमुळे पाठ आहे. घोडे सातच हवेत. सहा नकोत, आठ नकोत. तोंडं घराच्या आतल्या बाजूला, लगाम नको, पाय पाण्यात नकोत, मागे उगवता सूर्य असला तर उत्तम. भावजी जे. जे.ला शिकलेले. भांडुपच्या पंपिंग स्टेशनला पहाटे खाडीकाठी बसून रोहित पक्ष्यांची रेखाटनं करणारा माणूस. त्याच्याकडे गिऱ्हाईक येणार, काचेतल्या शेकरूकडे बघून म्हणणार, "खार छान आहे," आणि मग विचारणार, "घोडे आहेत का, चार बाय दोनमध्ये?" शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, हे सांगायचा उत्साह त्यांना सुरुवातीला होता. पुढे पुढे ते नुसता कॅटलॉग पुढे सरकवायचे.

"मग घुबडाचं पण सांग," काकू म्हणाल्या. म्हणजे तीही बातमी पोचलेली होती.

घुबडाची गोष्ट अशी. भावजींनी गव्हाणी घुबड काढलं होतं. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा, आणि पिसांचं काम असं की हात लावून बघावंसं वाटावं. दुकानातलं सगळ्यात चांगलं चित्र, असं माझं मत. मराठी माणूस समोर थांबायचा, वा म्हणायचा, आणि "घरात नको बुवा" म्हणून पुढे जायचा. शेवटी एका बंगाली बाईंनी भाव न करता नेलं. त्यांच्याकडे ते लक्ष्मीचं वाहन. आपल्याकडेही लक्ष्मीचं वाहन घुबडच, पण आपल्याला लक्ष्मी पाहिजे, तिची गाडी बाहेर उभी राहिलेली चालते.

"आणि हरियाल?"

"हरियाल तसाच आहे. काचेत कोपऱ्यात."

हरियाल आपला राज्यपक्षी. पिवळ्या पायांचं हिरवं कबुतर. वडा-पिंपळाच्या पानांत बसला की दिसतच नाही. भावजींनी तो तसाच, पानांत लपलेला काढला. शहाणपणाचं चित्र, पण धंद्याला वाईट. काचेबाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, झाडाचं चित्र आहे.

काकू आता मूळ मुद्द्यावर आल्या. "पण दुकान कशाला सोडायचं? भाडं तर पागडीचं, नावापुरतं."

"बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. नव्या इमारतीत गाळा मिळेल, पण तोवर कुठे जायचं? आणि मिळाल्यावरही त्या गाळ्यात चित्रं टांगून बसण्यापेक्षा तो बँकेच्या एटीएमला दिला तर घरबसल्या जास्त पैसे येतील. भावजींनी हिशेब केलाय."

"सासऱ्यांनी असा हिशेब केला नसता."

"सासऱ्यांनी हिशेबच केला नाही, काकू."

हे मात्र खरं बोलले मी. सासरे दुकानदार नव्हतेच, ते कथेकरी होते. भिंतीवरच्या मोठ्या धनेशासमोर कुणी क्षणभर रेंगाळलं की सासऱ्यांनी त्याला स्टुलावर बसवलंच. मग विल्यमची गोष्ट. 1883 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली. तिला थोड्याच वर्षांत जागा मिळाली ती फोर्टात, फिप्सन नावाच्या साहेबाच्या दारूच्या पेढीत. तिथे 1894पासून एक धनेश पाळलेला होता, नाव विल्यम. फेकलेला टेनिसचा चेंडू चोचीत झेलायचा. एकदा पेटता चिरूट गिळला आणि त्याला काहीही झालं नाही. पुढे 1920 साली तारेचा तुकडा गिळला आणि त्यात गेला. आज त्या सोसायटीच्या चिन्हावर धनेश आहे आणि इमारतीचं नाव हॉर्नबिल हाउस. चिरुटाशी पोचले की सासरे थांबायचे, समोरच्याचा चेहरा बघायचे, मग पुढे जायचे. तोवर बाहेर फ्रेम न्यायला आलेला माणूस ताटकळलेला. कित्येक जण गोष्ट ऐकून, चहा पिऊन, काहीही न घेता गेले. दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन परत आले, गोष्ट ऐकवायला.

"मीही ऐकलीय," काकू म्हणाल्या. "माझ्या नातवाला तर तोंडपाठ आहे. आता ती साइटवर टाकणार का?"

"वर्णनाच्या चौकटीत आकार आणि किंमत मावते, काकू. चिरूट कुठे मावायचा?"

यावर त्यांनी एक सुस्कारा सोडला. मला त्या सुस्काऱ्याचा जरा रागच आला. दुकान बंद होणार कळल्यापासून जो तो भेटून सुस्कारे सोडतोय. काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाउसचं आठवतं ना? चाळीसच्या दशकापासूनचं दुकान. तिथल्या बूथमध्ये उभं राहून रेकॉर्ड फुकट ऐकण्यात मुंबईची दोन-तीन पिढ्यांची तरुणाई गेली. 2016 साली ते बंद झालं. बंद होणार म्हटल्यावर हळहळ करायला केवढे लोक धावले! त्यांतल्या निम्म्यांनी आदल्या पाच वर्षांत तिथे एक सीडी घेतली असती तरी बरं झालं असतं. शानभागांचं स्ट्रँड बुक स्टॉल, 1948पासूनचं, ते 2018मध्ये गेलं. तेव्हाही पेपरात आठवणींचे रकाने भरले. आठवण काढायला पैसे पडत नाहीत.

"ऱ्हिदम हाउसच्या जागेचं पुढे काय झालं, माहितीय?" काकूंचा चेहरा एकदम उजळला. "ती नीरव मोदीच्या कंपनीनं घेतली होती. मग तो पळाला, ईडीनं जागा जप्त केली. आणि आता सोनम कपूरच्या सासरच्यांनी घेतली. जवळपास अठ्ठेचाळीस कोटी! पेपरात आलं होतं."

बघा. बाईंनी आयुष्यात तिथे एक रेकॉर्ड घेतली नसेल, पण जागेचा भाव पाठ. तसा मुंबईत तो सगळ्यांनाच पाठ असतो.

"पण मला एक सांग," झारी उचलता उचलता पुन्हा खाली. "चित्र असं मोबाइलवर बघून कुणी घेतं का? साडीचा रंगसुद्धा घरी आल्यावर वेगळाच निघतो."

"तुमचं माहेर घाटकोपरचं ना?"

"त्याचं काय इथे?"

"1894 साली राजा रविवर्म्यांनी चित्रांचा छापखाना काढला तो घाटकोपरला. पुढे तो मळवलीला गेला, लोणावळ्याजवळ. तुमच्या माहेरी देवघरात लक्ष्मी होती ना, कमळात उभी, चार हातांची?"

"होती. अजून आहे. भावजयीनं पोटमाळ्यावर टाकलीय."

"तिचं मूळ चित्र कुणी बघितलं होतं तुमच्याकडे? छापलेलं आलं आणि तुमच्या आजीनं त्याला हळदकुंकू वाहिलं. आता छापलेलं कुरिअरनं जातं, एवढंच. बरं, मूळ चित्रंही विकली जातातच. सॅफ्रनआर्टनं इथे मुंबईत 2000 साली इंटरनेटवर चित्रांचे लिलाव सुरू केले. तेव्हा आपल्याकडे नेटला टेलिफोनची तार लावून बसावं लागायचं. तरी लोकांनी चित्रं घेतली."

"ती हुसेनची घेतली असतील. तुझ्या भावजींचं शेकरू कोण घेणार?"

हा प्रश्न मीही विचारला होता. आणि इथेच गंमत आहे. गेलं वर्षभर भावजी दुकानाबरोबर ऑनलाइनही विकतायत. त्या बाजूला एकही घोडा मागितला गेलेला नाही. साताऱ्याहून एका मास्तरांनी नीलवंत मागवलं. 2015 साली राज्य फुलपाखरू ठरलं ते. मास्तरांना वर्गात लावायला हवं होतं. न्यू जर्सीहून एकानं रोहितांचा थवा मागवला, ऐरोलीला लहानपण गेलेला माणूस. मुलुंड स्टेशनवरून लाखो माणसं जातात, पण त्यांत शेकरू हवं असलेला कुणी नव्हता. तो कोल्हापुरात बसला होता.

"म्हणजे तू दुकान बंद करायच्या बाजूची."

"मी पैशाच्या बाजूची. कॅनव्हास गुंडाळून पुंगळीत घालायचा, काचेची भानगड नाही, फ्रेम ज्यानं त्यानं आपल्या गावी करावी. पॅकिंग माझ्याकडे आहे. दोन पुंगळ्या दबून परत आल्या, तो तोटा धरला तरी परवडतं."

काकू गप्प झाल्या. हे त्यांचं गप्प होणं फार टिकत नाही. "पण प्राण्यांचं चित्र घ्यायचंच कशाला, असं म्हणते मी. तो कालचा व्हिडिओ बघितलास ना? योगी हिलचा?"

आमच्या पाठीशी नॅशनल पार्क. शंभरावर चौरस किलोमीटरचं जंगल आणि त्याच्या अंगाला चिकटून आपण सगळे, बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत. 2015च्या पाहणीत तिथे पस्तीस बिबटे निघाले होते, नंतरच्या पाहण्यांत आकडा वाढलाच. 2018मध्ये नानेपाड्यात एक शिरला तेव्हा माणसं जखमी झाली होती, आठवडाभर सगळ्या मुलुंडचं बोलणं तेच. एरवी मात्र तो कुठल्या तरी सोसायटीच्या सीसीटीव्हीत रात्री दीड वाजता गाड्यांमधून शांतपणे चालत जातो आणि सकाळी सातला सगळ्यांच्या मोबाइलवर असतो. वाघ-बिबट्याचं चित्र विकणाऱ्याची खरी स्पर्धा या बिबट्याशी आहे. फुकट, ताजा, आणि शिवाय आपल्याच पार्किंगमधला.

"भावजींनी तोच काढलाय," मी म्हटलं. "दोन स्कूटर, मध्ये बिबट्या, मागे पाण्याच्या टाकीचा पाइप. साइटवर टाकला आणि त्याच दिवशी गेला. प्रिंटांची मागणी अजून चालू आहे."

"स्कूटर कुणाची काढली?"

"काकू!"

"नाही, आमच्या सेक्रेटरींची असली तर ते रॉयल्टी मागतील." मग आवाज जरा खाली आणून, "दुकानातलं जे उरलंय, ते शेवटी कमी किमतीत काढतील ना गं?"

"थोडंफार काढतील."

"तो हरियाल केवढ्याला?"

मी किंमत सांगितली. काकूंनी कानाला हात लावले. मग विचारलं, दुकानात किंमत कमी असेल ना, साइटवर कुरिअरचे पैसे धरलेले असणार. मी म्हटलं, दुकानात गाळ्याचे धरलेले असतात. मग त्यांनी विचारलं, फ्रेमसकट ना? मी म्हटलं, फ्रेमसकट. मग भिंतीबद्दल बोलणं झालं. दिवाणखान्याची एक भिंत टीव्हीची, एक कपाटाची, एका बाजूला खिडकी, आणि चौथीवर सुनेनं गेल्या दिवाळीत काय लावलंय?

"घोडे," काकू म्हणाल्या. "पण ते काढता येतील. सून माहेरी गेली की."

"मग सांगू का भावजींना, बाजूला काढून ठेवा म्हणून?"

"सांग. म्हणावं, साइटवर टाकू नका एवढ्यात."

"घेणार ना पण नक्की?"

"अगं, आधी बघून तर येऊ दे."

"तुम्ही रोज बघताय तो!"

"मी? मी आपलं झाडाचं चित्र समजत होते."