सातबाऱ्यावरून टेक-ऑफ

पिरंगुटच्या चौकात नवा फ्लेक्स लागलाय. पांढराशुभ्र शर्ट, काळा गॉगल, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या, मागे एअरबस. 'मुळशीची शान, आप्पांचे चिरंजीव, भावी कॅप्टन.' चार पट्ट्या कॅप्टनच्या असतात आणि चिरंजीवांचा अजून नुसता प्रवेश झालाय, हा बारकावा चौकात कोण बघतो? खाली शुभेच्छुकांची रांग, त्यात निम्मे जमिनीचे एजंट. रास्तच आहे, फीची सोय तेच करून देणार आहेत.

जमीन विकून आलेल्या पैशाचं काय करायचं, याच्या आमच्या तालुक्यात तीन मान्यताप्राप्त शाखा होत्या: फॉर्च्युनर, बंगला आणि जिल्हा परिषद. आता पायलट ही चौथी. 200 तास उडायचं, पन्नासेक लाख मोजायचे, वर टाइप रेटिंगचे, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवायच्या परवानगीचे, वेगळे. पहिल्या तिन्हींत पैसा निदान जमिनीवर तरी बुडायचा.

आप्पा तसे सावध. 'विमान कंपन्यांना मंदी आलीय म्हणतात,' असं त्यांनी ॲकॅडमीच्या काउंटरवर विचारलं होतं. तिथली पोरगी हसून म्हणाली, 'काका, मंदीतच शिकून घ्यायचं. लायसन्स हातात येईस्तोवर तेजी!' तेजीत गेले असते तर 'पायलट कमी पडतायत, आजच भरा' हे ऐकलं असतं. लग्नाला मुहूर्त बघावा लागतो, फी भरायला बारा महिने मोकळे.

त्या काउंटरवर कॅलेंडर नसतं. 2012 च्या ऑक्टोबरात किंगफिशर बसली. 17 एप्रिल 2019 ला जेट. 2020 च्या मार्चअखेर तर दोन महिने सगळ्याच बसल्या. 3 मे 2023 ला गो फर्स्ट. दर वेळी हजारो तास उडालेले वैमानिक बायोडाटा घेऊन रांगेत आले आणि 200 तासवाली पोरं त्यांच्या मागे सरकली. गो फर्स्ट बसली त्याच्या पुढच्याच महिन्यात इंडिगोने 500 विमानांची ऑर्डर दिली. विमानं यायला वर्षं लागतात, पण ब्रोशरमध्ये ती संध्याकाळीच उतरतात.

मंदीत वैमानिक घडवणाऱ्या शाळेचं काय होतं? प्रवेश घटतात, म्हणून जाहिरात मोठी होते. दोन विमानं सुट्या भागांची वाट बघत हँगरमध्ये उभी राहतात आणि पोराच्या लॉगबुकात आठवड्याला एक तास पडतो. शिकवणारे मात्र भरपूर मिळतात. तेजीत ते एअरलाइनकडे पळतात. मंदीत ज्याला नोकरी लागत नाही, तो नोकरी कशी लागते ते शिकवायला राहतो. लायसन्स मिळून घरी बसलेल्याचं मीटरही चालूच. दरवर्षी मेडिकल, दरवर्षी इन्स्ट्रुमेंट रेटिंग, आणि हाताची सवय सुटू नये म्हणून पदरच्या पैशाने उडणं. बेकारीचा एवढा खर्च दुसऱ्या कुठल्या धंद्यात येत असेल, असं वाटत नाही.

विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएने 2025 मध्ये या शाळांची पहिल्यांदा क्रमवारी लावली. 'ए' श्रेणीत एकही बसली नाही. पोराला दहावीत पाच टक्के कमी पडले म्हणून चार दिवस न जेवलेल्या आप्पांनी इथे निकाल विचारलाही नाही.

इतिहासाची गंमत बघा. 1921 मध्ये सेनापती बापटांबरोबर मुळशीकर टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले, धरण झालंच. 1929 मध्ये जेआरडी टाटांना देशातलं पहिलं वैमानिक लायसन्स मिळालं. 2022 मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. पणजोबांची जमीन टाटांच्या पाण्याखाली गेली, उरलेली पणतू टाटांच्या विमानात बसायला विकतोय. तेही मागच्या नव्हे, पुढच्या सीटवर.

आप्पा, एवढं करा. विसार घेण्याआधी पोराचं क्लास वन मेडिकल करून घ्या. फी एकरकमी भरू नका, उडेल तेवढ्या तासांची भरा. शाळेचं ऑफिस नको, हँगर बघा आणि आज किती विमानं उडाली ते तिथल्या मेकॅनिकला विचारा. आणि ओढ्याकाठचा आंबेमोहराचा तुकडा विकू नका. पुढची कंपनी बसेल तेव्हा पोरगा घरीच येणार आहे.